उसनी कंबर

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आण्णांस,
दानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि. आणि वैनीला शरणु शरणार्थी.

फराळ पोचला. वैनीच्या चकल्या आमच्या ह्यांनी दोन दिवसांत संपवल्या आणि आता रिकाम्या डब्याकडे असे बघतात, जसा काही डब्यानंच दगा दिला.

फोनच केला असता. पण फोनवर तुम्ही एवढ्या मोठ्यानं बोलता की मध्ये यंत्राची गरजच नाही, आणि माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही. माझ्या लग्नापासून आपली पत्रं सुरू आहेत ती बहुतेक ह्याच एका कारणासाठी.

तर आधी बसून घ्या. तुमची दानू जिल्ह्याच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरणार आहे! पन्नाशीवरच्या बायकांच्या गटात. हाडं ठिसूळ होताहेत, वजनं उचला, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा घरात सगळ्यांनी मान डोलवली होती. ह्यांनी तर त्याच दिवसापासून गॅसचं सिलिंडर आत आणायचं काम माझ्याकडे देऊन टाकलं. आता मी खरंच उचलायला लागले तर सगळे घाबरलेत.

आमच्या प्रकाराला डेडलिफ्ट म्हणतात. जमिनीवर लोखंडी दांडी, तिच्या दोन्ही टोकांना वजनं. ती दोन्ही हातांनी धरायची आणि सरळ उभं राहायचं. संपलं. काल मी नव्वद किलो घेऊन उभी राहिले. आमच्या जिममध्ये शिकवणाऱ्या संयोगिता मॅडम, ज्या वयानं माझ्या लेकीएवढ्या आणि आवाजानं तुमच्याएवढ्या आहेत, त्या म्हणाल्या की मावशी, शंभर तुमच्या अंगात हाय, फक्त बाहेर काढायचं ऱ्हायलंय.

जड वजनाला त्या मला कमरेला रुंद काळा चामडी पट्टा बांधायला लावतात. आण्णा, काय चीज आहे तो पट्टा! बांधला की मी म्हणजे कोण! मला त्याचं असं वेड लागलंय की परवा गव्हाचा डबा सरकवतानाही बांधला, आणि काल महाद्वार रोडला निघाले तर साडीवर तसाच राहिला होता. ह्यांनी दारातून हाक मारून परत बोलावलं, नाहीतर अंबाबाईला पट्ट्यासकट दर्शन झालं असतं.

स्पर्धा २२ डिसेंबरला आहे. आता खरं मागणं. तुमची एकही कुस्ती मी आत बसून पाहिली नाही. पोरीबाळींनी मैदानात यायचं नाही म्हणून तुम्हीच दटावलं होतं, आणि मी शेजारच्या गोठ्याच्या कौलांवर चढून सगळ्या पाहिल्या. आता एकदा तुम्ही बसा आणि मी उभी राहते. तुम्ही समोर असलात तर शंभर उचलेन. नसलात तर उचलूनही मला काही वाटणार नाही.

उत्तर लवकर धाडावे आणि रागावण्याआधी दोनदा वाचावे.

तुमची,
दानू


कुरुंदवाड
९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दानेश्वरीस,
महालिंगचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

नव्वद किलो उचललेस ह्याचा आनंद आहे. तालमीत चारचौघांना सांगितले, कुणाचा विश्वास बसेना, म्हणून पत्रच वाचून दाखवले. पण पट्ट्याचा मजकूर आला तिथे घसा खाकरून पान उलटले. लाज वाटली. पट्टा म्हणजे उसनी कंबर. आपल्या घराण्यात कुणी उसनी कंबर लावलेली नाही. आम्ही लंगोट कसला, माती कपाळाला लावली आणि उभे राहिलो. आमच्या वस्तादांनी पट्टा बघितला असता तर त्याच पट्ट्याने आम्हाला सोलून काढले असते.

ताकद कमरेच्या बाहेर नसते, आत असते. दम नाकाने घ्यावा आणि छातीत साठवू नये, खाली उतरवावा. पोट पुढून, कुशी बाजूंनी आणि कंबर मागून, अशी चारी अंगांनी फुगली पाहिजे. मग तो दम कोंडून धरायचा आणि उचलायचे. हे जमले तर पट्टा कशाला? आणि हे जमत नसेल तर पट्टा काय करणार?

तेव्हा स्पष्ट लिहितो. पट्ट्याविना उचलणार असशील तर पहिल्या एसटीने येतो. पट्टा बांधणार असशील तर मी इथेच बरा आहे. तुझ्या मॅडमला नमस्कार सांग आणि हेही सांग.

तुझी वैनी म्हणते की दानूला काय वाटेल ते उचलू दे. तिला काय कळते.

कळावे, आशीर्वाद आहेतच, ते पट्ट्यावर अवलंबून नाहीत.

महालिंग


राजारामपुरी, कोल्हापूर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आण्णांस,
दानूचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राचं जिममध्ये जाहीर वाचन झालं. पान मी उलटलं नाही.

दमाचा मजकूर ऐकून संयोगिता मॅडम चक्क टाळ्या वाजवायला लागल्या. म्हणाल्या की अगदी हेच मी मावशींना सहा महिने सांगतीय, पण ह्यांचं सगळं लक्ष बकलाकडं. मग माझी चांगलीच हजेरी घेतली. पट्टा कंबर धरत नाही, कमरेनं आतून पट्ट्याला रेटायचं असतं. भिंतीला टेकलं की माणसाला जोर लावता येतो, तशी ती भिंत. आतून रेटलंच नाही तर तो नुसता दागिना. तेव्हा हलक्या वजनाला पट्टा बंद, आधी दम शिकायचा, असा हुकूम झाला. गव्हाच्या डब्यालाही बंद.

तर मी बिनपट्ट्याची तुमची पद्धत शिकले. चारी अंगांनी फुगले. पहिल्या दिवशी इतकी फुगले की ब्लाउजचा हुक गेला. पण खरं सांगते, नव्वद किलो पट्ट्याविना उचलले! आता झालं का समाधान?

पण शंभराचं गाडं अडलंय. पंचाण्णवला पाठ वाकायला लागते आणि मॅडम ओरडून खाली ठेवायला लावतात. पट्टा बांधला की तेच वजन सरळ पाठीनं येतं. त्या म्हणतात की शंभर पट्ट्याविना उचलायचं असंल तर मी तुमचं नावच पुढं करणार न्हाय, जावा कुरुंदवाडला. आणि तुम्ही म्हणता पट्टा बांधलास तर येणार नाही. म्हणजे पट्टा घेतला तर आण्णा जातात आणि आण्णा घेतले तर शंभर जातात. मी काल भाकऱ्या थापता थापता रडले. ह्यांनी मग स्वतः भाकरी थापायला घेतली, ती बघून हसले.

मला दोन्ही हवंय, आण्णा. लहानपणापासून मला दोन्हीच हवं असतं, तुम्हाला माहीत आहे.

थोडी माया करावी आणि थोडा हट्ट सोडावा ही विनंती.

दानू


कुरुंदवाड
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दानूस,
महादेवी वैनीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटीनं वाच. दानूला बोलायचं नाही अशी शपथ तुझ्या आण्णांनी मला घातली आहे. म्हणून बोलत नाही, लिहिते आहे.

रविवारी तुझं पत्र खिशात घालून स्वारी तालमीत गेली. तिथली तरणी पोरं पट्टे बांधून व्यायाम करताना दिसली. झालं! भाषण सुरू. एवढ्यात कुणीतरी आगाऊपणा केला आणि म्हणालं की आण्णा, एकदा दाखवा की करून. तालमीच्या दाराशी तो मोठा दगडी गोटा आहे ना, गोल, ज्याच्यावर आता कोंबड्या बसतात? तो उचलायला गेले. सदुसष्टाव्या वर्षी!

बघणाऱ्यांनी मला सांगितलं ते असं. गोटा गुडघ्यापर्यंत आला. मग गोटा खाली गेला, पण आण्णा वर आले नाहीत.

तसेच, काटकोनात वाकलेले, चालत घरी आले. कुणाचा हात धरायला तयार नाहीत. वाटेत जो भेटेल त्याला वाटे की महालिंग पैलवान पाया पडायला येताहेत. लोक मागं सरकायला लागले. शेजारचे सयाजीराव तर असे गडबडले की त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी ऱ्हावा म्हणाले. सयाजीराव ह्यांच्याहून बारा वर्षांनी लहान! हे मला सांगताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पदर तोंडात धरून आत गेले आणि पोटभर हसले. देव मला क्षमा करो.

काळजी करू नको. जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढले, हाड शाबूत आहे, नुसती उसण भरली. गोळ्या दिल्या, शेक दिला आणि, दानू, कमरेला पट्टा दिला. चांगला हातभर रुंद. शर्टाच्या आत बांधतात आणि वर अंगरखा घालतात. मी पट्टा म्हटलं की म्हणतात पट्टा न्हाय, औषध हाय त्ये.

आता मनातलं लिहिते. ह्यांना यायचंय गं. रोज जेवताना विषय काढतात, की एवढीशी हुती, नव्वद किलो म्हंजे दोन दुधाचे मोठे कॅन भरून, कसं उचललं असंल. पण शब्द गेलाय तोंडातून आणि आता गिळता येत नाही. तू रेटू नकोस. चार दिवस पाठ दुखू दे. पाठ जे समजावेल ते आपण दोघींनी मिळूनही समजावता येणार नाही.

आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे, आणि हे पत्र चुलीत घाल. गॅसवर नको, धूर होतो.

तुझी,
वैनी


कुरुंदवाड
५ डिसेंबर २०२४

चि. सौ. दानेश्वरीस,
महालिंगचे अ. उ. आ.

मी खुशाल आहे. प्रकृती उत्तम आहे. पाठ वगैरे सर्व ठीक आहे. तू विचारले नव्हतेस, पण लिहिले.

तुझ्या मागच्या पत्रावर पुष्कळ विचार केला. पडून पडून विचार चांगला होतो. माझे मत बदललेले नाही. परंतु भिंतीचा जो मुद्दा तुझ्या मॅडमनी मांडला आहे त्यात अगदीच तथ्य नाही असे म्हणवत नाही. आतून रेटायला काहीतरी समोर लागते. कुस्तीत समोर माणूस असतो. तुझ्या खेळात समोर कोणी नाही, नुसते लोखंड. तेव्हा तुझी गोष्ट वेगळी धरली.

मात्र बाजारातला तो काळा, मेलेल्या म्हशीसारखा पट्टा आपल्या घरातल्या बाईने बांधू नये. म्हणून मी पट्टा करवून घेतला आहे. आपला कृष्णात, जो गेली कित्येक वर्षे माझ्या चपला करतो, त्याला घरी बोलावून सांगितले की काही कमी करू नकोस, माझ्या चपलेला जे जे करतोस ते ते सगळे ह्याला कर. त्याने जीव ओतला आहे. जातिवंत कातडे आहे, वर जरीची वेणी आणि मध्यभागी लाल गोंडा. तालमीतली पोरे हात लावून लावून बघत होती. एसटीच्या पार्सलने पाठवला आहे.

हा बांधणार असशील तर मी २२ तारखेला येतो. पहिल्या रांगेत जागा धर. बाकाला पाठ टेकायची सोय असावी.

आमचे आशीर्वाद सोबत बांधून पाठवले आहेत, सैल करू नयेत.

महालिंग


राजारामपुरी, कोल्हापूर
११ डिसेंबर २०२४

ती. स्व. आण्णांस,
दानूचा शि. सा. न. वि. वि., तोही वाकून. तुम्ही वाकू नका.

पट्टा आला! येताय ना? येताय! मी पार्सल उघडून स्वयंपाकघरात गोल गोल फिरले. ह्यांनी पट्टा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं की हा कमरेला बांधायचाय की बेंदराच्या सणाला बैलाला. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

पण एक गोष्ट कृष्णातनं तुम्हाला सांगितली नाही, किंवा सांगायची गरजच वाटली नसेल. तुमच्या चपलेला जे करतोस ते सगळं कर, असं तुम्ही सांगितलंत. तुमची चप्पल चालताना करकरावी म्हणून तो कातड्याच्या दोन थरांमध्ये बी दडपतो ना? त्यानं ते पट्ट्यातही दडपलंय. प्रामाणिक माणूस!

मी जिममध्ये पट्टा बांधला, दांडी धरली, तुम्ही शिकवलात तसा दम खाली उतरवला, आणि कमरेतून असा काही कर्रर्र आवाज आला की शेजारच्या बाकावरच्या बाईंनी हातातली वजनं टाकून माझ्याकडे धाव घेतली. त्यांना वाटलं माझं मोडलं. मॅडम पांढऱ्या पडल्या. मग कळलं तेव्हा हसून हसून कुणाच्या अंगात बळ राहिलं नाही, सगळ्यांचा व्यायाम तिथंच संपला.

पण गंमत पुढेच आहे. दम छातीत अडकला तर पट्टा गप्प बसतो. चारी अंगांनी नीट फुगले तरच करकरतो! आता मॅडम लांबून नुसत्या कान देतात. आवाज आला नाही की म्हणतात की ठेवा खाली, कुरुंदवाडचं उत्तर आलं न्हाय. काल आवाजासकट सत्त्याण्णव गेले. पाठ सरळ.

मॅडमना वाटतं की पट्टा जरा रुंद आहे, स्पर्धेत मोजतात, टेप लावून बघू. मी लावू दिला नाही. माझ्या आण्णांनी पाठवलेल्या पट्ट्याला टेप लावायचा म्हणजे काय! चालणारच. न चालून सांगतो कुणाला?

एसटी सावकाश पकडा. चढताना दांडीला धरा. सहज म्हणून लिहिलं.

वाटेकडे डोळे लावून बसले आहे, एवढं पुरे.

दानू


राजारामपुरी, कोल्हापूर
सोमवार, २३ डिसेंबर २०२४

ती. स्व. वैनीस,
दानूचा शरणु शरणार्थी, वि. वि.

आण्णा इथं सुखरूप आहेत, आता जेवून झोपलेत, उद्या दुपारच्या गाडीनं येतील. तुमची म्हैस व्यायला झाली म्हणून तुम्हाला येता आलं नाही. रेडकू नेमकं कालच व्हायचं होतं! तुमच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते. आण्णा आपल्या पद्धतीनं सांगतीलच, पण त्यात ते उभे असतील आणि मी बाजूला.

सकाळी साहित्य तपासायचं असतं. तिथल्या बाईंनी माझा पट्टा उचलला, गोंड्याला हात लावला, टेप लावला. दहा सेंटिमीटरपर्यंतच चालतो. आपला चौदा. गोंडा, वेणी, काहीच चालत नाही. मी भांडले, हात जोडले. त्या गोड हसून म्हणाल्या की ताई, पट्टा लई देखणा हाय, घरी भिंतीला लावा. मॅडमचंच खरं ठरलं, तेच जास्त लागलं. टेप मीच लावू दिला नव्हता.

आण्णा पहिल्या रांगेत, डोक्याला फेटा, पाठ अशी ताठ की शेजारचे लोक त्यांना पाहून नीट बसले. ती ताठ का होती ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक. त्यांचा पट्टा नाकारला हे त्यांना कुणी सांगायचं? हा बांधशील तर येतो, असं लिहिलं होतं त्यांनी. मॅडमचा काळा पट्टा बांधून समोर गेले आणि ते उठून गेले तर? मी मॅडमना म्हटलं की पट्टाच नको. त्या म्हणाल्या की तीन संधी असतात, दोन वजनं तशी उचला, तिसऱ्याला बघू.

पहिलं पंच्याऐंशी, दुसरं नव्वद, दोन्ही पट्ट्याविना गेली. आजऱ्याची चिमणाबाई म्हणून माझ्या गटात आहे. तिनं पट्टा न बांधता एकशेपाच उचलले आणि खाली ठेवून जांभई दिली! मी मनात म्हटलं, आता आण्णा म्हणणार, बघ, हिला लागला का पट्टा! शंभर लावायला सांगितले आणि आत येऊन बसले. 

एवढ्यात पडद्यामागं फेटा दिसला. आण्णा आत आले होते. कुणी अडवलं तर म्हणाले असतील मी पावणा न्हाय, भाऊ हाय. मला विचारलं की पट्टा कुठं. मी सगळं सांगितलं, टेपचंसुद्धा. वाटलं, आता आवाज चढणार. चढलाच, पण म्हणाले काय, की मग दुसरा बांध की, बघतीस काय! मी म्हटलं की चिमणाबाईंनी तर बिनपट्ट्याचं उचललं, मीही उचलते, तुम्ही जाऊ नका. त्यावर म्हणाले की तिची कंबर तिला, तुझी तुला, आणि जातोय कुठं, शंभर बघितल्याबिगर हलत न्हाय.

मॅडम तिकडं पंचांच्या टेबलाशी होत्या. काळा पट्टा मी कमरेला गुंडाळला, पण घाईत बकलाचं टोक भोकात जाईना. आण्णांनी माझे हात बाजूला केले आणि वर धरायला लावले. एक तळवा माझ्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं पट्टा असा ओढला की माझा श्वास आपोआप खाली उतरला. ओढताना त्यांचा अंगरखा वर सरकला आणि खाली डॉक्टरांचा पट्टा दिसला. मला दिसला, आणि मला दिसला हे त्यांनाही दिसलं.  त्यांनी एक भोक आणखी घट्ट केलं आणि मला पुढं ढकललं.

वैनी, शंभर आले! कसे आले विचारू नका, मला आठवत नाही. पंचांचे तीनही दिवे पांढरे लागले, म्हणजे मान्य, एवढं दिसलं, आणि आण्णांची आरोळी ऐकू आली. त्या आरोळीनं पुढच्या बाईंची एकाग्रता मोडली म्हणून पंचांनी त्यांना समज दिली. माझा दुसरा नंबर आला. चिमणाबाईंनी मला मिठी मारली आणि उचललंसुद्धा.

घरी आल्यापासून मात्र एकच गोष्ट मनात घोळते आहे. इतकी वर्षं राखीपौर्णिमेला ते हात पुढं करतात आणि मी बांधते. काल मी दोन्ही हात वर करून उभी होते, आणि आण्णांनी मला बांधलं.

रेडकाचं नाव काय ठेवलं ते कळवा. आहे ती माया अशीच घट्ट असू द्या.

तुमची,
दानू